समजा, हे नसलंच तर?

वैभवीला लॉच्या प्रवेश परीक्षेचं पुस्तक मेंढरांमागं न्यायची सवय लागली होती. मुळशी धरणाच्या काठच्या माळावर मेंढरं चरत आणि ती दगडावर बसून प्रश्न सोडवी. बाकी सगळं जमे, गृहीतकाचे प्रश्न मात्र हटकून चुकत. 'नदीवर पूल झाला, म्हणून आता मुलं कॉलेजात वेळेवर पोचतील.' हे म्हणणारा काय धरून चाललाय? चार पर्याय, आणि चारही खरे वाटायचे. पुस्तकाच्या मागं उत्तर छापलेलं: 'क', म्हणजे 'मुलांना नदीमुळं उशीर होतो'. पण 'क'च का, ते कुठंच नाही. वैभवीला तर तेच हवं होतं.

त्या दिवशी ऊन कलताना तिच्या वडिलांनी, धुळानं, मेंढरं मोजली. गाभण मेंढी दिसेना. तेवढ्यात करवंदीच्या जाळीपलीकडं घंटी वाजली.

"घंटी वाजतीया. म्हंजी ती तितंच हाय," म्हणत धुळा काठी घेऊन निघाला.

"आबा, थांबा. घंटी तिच्याच गळ्यात हाय, ह्ये धरूनच चाललाय की तुमी."

"मग कुणाच्या गळ्यात असंल?"

"समजा, तिच्या गळ्यात नसलीच तर?"

"तर तिकडं जाऊन करू काय?" धुळा खेकसला.

वैभवी जागीच थबकली. एवढी एक गोष्ट काढून घेतली आणि आबांचं सगळं म्हणणंच कोसळलं होतं.

मागून तिची आई बानूबाई आली. "अवं, घंटी मीच सोडली सकाळी. दोर काचत हुता तिला. बोकडाला बांधलीया."

"आन् सांगायचं न्हाई व्हय?"

"इचारलं कुटं?"

व्यायला आलेली मेंढी आडोसा शोधते, हे बानूबाईला ठाऊक होतं. तिघं काठावरच्या अर्धवट बांधून पडलेल्या रिसॉर्टात शिरली. दार नसलेल्या खोलीत, वाळूच्या ढिगाशी मेंढी ओलं कोकरू चाटत उभी होती. धुळानं कोकरू घोंगडीत घेतलं.

दुसऱ्या दिवशी वैभवीनं पुलाच्या प्रश्नाचा एकेक पर्याय उलटा करून पाहिला. नदीमुळं उशीर होतच नसला तर? मग पूल होऊन फरक काय पडणार! 'क'च बरोबर. मग याच रीतीनं तिनं दहा प्रश्न सोडवले, त्यातले सात जमले. चुकलेला एक प्रश्न तिनं आईला वाचून दाखवला: 'गावात वाचनालय उघडलं, की पोरं वाचायला लागतील.' तिनं निवडलेला पर्याय होता, 'वाचनालय दिवसभर उघडं राहील.'

बानूबाईनं जरा विचार केला. "दिसभर ऱ्हायलं तर बरंच. पन सांजंचं दोन तास उघडलं, तरी वाचत्याल की पोरं. त्याच्यावाचून अडतंय कुटं?"

वैभवीनं आपल्या पर्यायावर काट मारली. मग आईच्या आणखी जवळ सरकून म्हणाली, "आये, बस जरा. अजून दोन हायेत."