धोट्याची चाल

बेळगावच्या वडगावात बायाक्काच्या तोंडाला लागायची कुणाची छाती नव्हती. तरी सोमवारी तिचा यंत्रमाग भंगारात जाणार होता. विकणारा तिचाच मुलगा, महादेव.

"व्यापाऱ्याला आता बारीक सुताची साडी पायजे, आई. आपला माग सुरू होतानाच असा हिसका देतोय, की धागे टिकत न्हाईत. ठेवून करू काय?"

बायाक्का भिंतीकडे बघत राहिली. तिथं खिळ्यांना नवऱ्याच्या लहानमोठ्या पुल्या टांगलेल्या. मागाचा वेग बदलायचा तर मोटारीची पुली बदलायची, ही त्याची रीत. तो गेल्यापासून त्यांना हात लावायची कुणाला परवानगी नव्हती.

शनिवारी महादेवची लेक सौम्या आयटीआयमधनं एक डबा घेऊन आली. "आज्जी, ह्यो ड्राइव्ह. मोटारीला जाणाऱ्या विजेचा ठेकाच बदलतोय. माग हळू उठंल, हिसका न्हाय."

"व्हय का? तुझ्या आज्ज्याचा जलम गेला त्यात, आन् तू डब्यात घालून आणलंस!"

सौम्यानं डबा जोडला, विजेच्या नेहमीच्या पन्नासाऐवजी आकडा तीसवर ठेवला. माग खरंच अलगद उठला. पण चार फेऱ्या झाल्या नाहीत तोच आडवा धागा नेणारा धोटा मधेच अडकला आणि ताण्याचे पन्नासेक उभे धागे तटातट तुटले. महादेवनं भंगारवाल्याला फोन लावायला मोबाईल काढला.

"ठेव त्यो खिशात!" बायाक्का कडाडली. मग नातीकडं वळली. "आगं शानी, माग मंदावला की धोट्याला बसणारा ठोसाबी मंदावतोय. त्यो पलीकडं पोचंल कसा? एवढं तुमच्या पुस्तकात न्हाय व्हय?"

बायाक्कानं चष्मा चढवला आणि दीड तास बसून एकेक धागा जोडला. मग मागाला खेटून उभी राहिली, डोळे मिटून.

"कर चालू. आता वाढीव... आणखी जरा... बास! काढ हात."

"बेचाळीस," सौम्या पुटपुटली.

"आकडा तुझ्याजवळ ठेव. मला आवाज कळतोय."

वीतभर कापड उतरलं. एक धागा तुटला नाही. महादेवनं त्यावरनं दोनदा हात फिरवला.

"मग भंगारवाल्याला काय सांगू?"

बायाक्कानं सगळ्यात मोठी पुली काढली, पदरानं पुसली आणि खाली ठेवली.

"ये म्हणावं. ह्या पुल्या घिऊन जा." रिकाम्या खिळ्याकडं तिनं बोट दाखवलं. "आन् तू गं, डबा तिथं टांग. खाली ऱ्हायला तर कुणाचा तरी पाय लागंल."