रीनाच्या निबंधात नसलेला धोटा

मित्रांनो, मी एक जुना धोटा आहे. मोहाडीच्या लक्ष्मणरावांचे राधाबाईंशी लग्न झाले, त्याच वर्षी मी या घरात आलो. लक्ष्मणरावांनी सासऱ्यांकडे मनगटी घड्याळ मागितले होते. सासरे विणकर. त्यांनी सुताराकडून मला शिसवी लाकडात घडवून घेतले, दोन्ही टोकांना लोखंडी टोप्या बसवल्या आणि जावयाच्या हातात दिले. जावईबापू रुसले. पुढे मात्र ते मला दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत.

पोटात सुताची कांडी घ्यायची आणि मागावरच्या उभ्या धाग्यांमधून या काठापासून त्या काठापर्यंत धावायचे, हे माझे काम. आडवा धागा मीच नेत असे. तरी लुगडे घेणाऱ्या बाया रंगाचे कौतुक करत, काठाचे करत. माझे नाव कुणी घेत नसे. ते मला फार लागे.

लक्ष्मणरावांचे गुडघे गेले आणि माग थांबला. तेव्हापासून मी त्यांच्या नातीच्या, करुणाच्या, टेबलावर कागद दाबून पडलो आहे. माझ्यासमोर पेन मिरवतो. त्याचाही मला हेवा वाटतो.

मागच्या वर्षी करुणाच्या वर्गातल्या रीनाने हातमागावर निबंध लिहायचे ठरवले. माहिती घ्यायला ती घरी आली. लक्ष्मणराव तिच्याशी दुपारभर बोलले. ती गेल्यावर करुणा फणकारली, "आबाजी, मले तं कधी एवढं नाही सांगितलं!"

"तू कधी विचारलं, बाई?"

करुणाचा चेहरा उतरला. तिनेही निबंध लिहिला होता आणि शाळेतर्फे एकच निबंध तालुक्याच्या कार्यक्रमात वाचला जाणार होता. त्याआधी सरांनी मुलांना एकमेकांचे निबंध तपासायला दिले. रीनाचा निबंध नेमका करुणाकडे आला.

तिने तो घरी आणून मोठ्याने वाचला. त्यात माग होता, रंग होते, लक्ष्मणरावांचे दुखरे गुडघेही होते. मी नव्हतो. "पायाने पावडी दाबली की आडवा धागा आपोआप भरतो," असे रीनाने लिहिले होते. करुणा गालात हसली. कार्यक्रमाला निम्मे विणकरच येणार होते. तिने चूक तशीच ठेवली आणि खाली लिहिले, "खूप छान!" खरे सांगतो, मलाही बरे वाटले. मला विसरणारीचे हसू होऊ दे.

खाटेवरून लक्ष्मणरावांनी विचारले, "काय लिवलं वो?"

"खूप छान म्हणून लिहिलं."

"आन् ते पावडीचं?"

"तिची चूक आहे, आबाजी. मी काहून सांगू?"

लक्ष्मणराव हसले. "भोजराज माह्या बाजूच्या मागावर बसे. त्याचं लुगडं माह्यापेक्षा बरं निघे. लय जळत होतो मी त्याच्यावर. पण त्याचा धागा सुटलेला दिसला, तं तिथं काठाले लाल सूत बांधून ठेवत होतो. मंग तोच उसवे, तोच भरे. नुसतं छान म्हणून गेलो असतो, तं बजारातून लुगडं वापस आलं असतं."

करुणाने 'खूप छान' खोडले आणि त्या ओळीशेजारी पेन्सिलने लिहिले, "पावडीने उभे धागे उघडतात. आडवा धागा कोण नेतो? घरी ये, दाखवते. आबाजींच्या गुडघ्यांबद्दलचे वाचून मला रडू आले. ते सुरुवातीला घे." लिहिताना पेन्सिलचे टोक मोडले, इतका तिचा हात रागात होता.

दुसऱ्या दिवशी रीनाने घरी येऊन मला उचलले. "अगं बाई, हा तं माह्या ध्यानातच नाही आला!"

"आता आला ना? मंग लिव चुपचाप," करुणा म्हणाली.

रीनाचाच निबंध निवडला गेला. कार्यक्रमात तिने मला हातात धरून तो वाचला. टाळ्या पडल्या. करुणानेही वाजवल्या, पण खाली बघत. तिचा हेवा गेला नव्हता. माझाही गेला नव्हता, कारण टाळ्या रीनाला मिळाल्या.

मित्रांनो, सोबत्याचे लिखाण हाती आले की हेवा वाटेल. वाटू द्या. पण 'छान' म्हणून निसटू नका. चूक दिसली तिथे खूण करा, आवडले ते नेमके सांगा, आणि दुरुस्ती त्याची त्याला करू द्या.

पुढे रीनाने खाटेजवळ बसून तो निबंध लक्ष्मणरावांना वाचून दाखवला. माझे नाव आले तेव्हा करुणाने मला त्यांच्या हातात ठेवले. लक्ष्मणराव यंदा माघ महिन्यात वारले.