देवकाबाईंची जागा

"जागा तर रिकामीच पडून हाये, मावशी. सभामंडप झाला तं गावाचं नाव होईन," रूपराव म्हणाले. ते देवस्थान कमिटीचे अध्यक्ष. देवळाच्या ओट्यावर बसलेल्या चार-पाच जणांनी माना डोलावल्या.

देवकाबाईंनी पदर नीट केला. "जागा देऊन टाकली मी, रूपरावभाऊ."

"कोणाले?"

"पोरीयले. महिला मंडळाच्या नावानं काल सेलूले कागद झाला. तिथं गोपालची मंजुषा पंपाच्या जळालेल्या मोटरा नवी तार घालून भरन, अन् दुसऱ्या पोरीयले शिकवन."

"मोटर भरणं पोरींचं काम हाये का?"

"तिनं वर्ध्याले दोन वर्सं तेच शिकलं. तुमी कुठी शिकले?"

देवकाबाई चपला घालून निघाल्या.

तीस वर्षं त्या सेवाग्रामला दवाखान्यात आया होत्या. रस्त्यालगतची ती जागा त्यांनी पगारातून घेतली होती, मुलीसाठी. भावनाला दहावीनंतर उजवलं, कारण जवळपास तिला काम नव्हतं. नवरा मारायचा. एकदा देवकाबाई तिला आणायला गेल्या, तेव्हा ती म्हणाली, "येऊन खाऊ काय, माय? किती दिवस तुह्या पगारावर राहू?" त्या एकट्याच परतल्या. पुढच्या वर्षी भावना गेली. कशाने, ते सासरच्यांनी कधी नीट सांगितलं नाही.

शेडचा पाया खणला त्याच आठवड्यात गवंडी यायचा थांबला. पंचायतीच्या नळाचं पाणी बांधकामाला मिळणार नाही, असाही निरोप आला. रूपरावांचा शब्द गावात चालायचा. पण मंडळाच्या बायकांनी आधीच दारोदार फिरून सामान जमवलं होतं. कुणी पडक्या भिंतीच्या विटा दिल्या, कुणी छपराची टिनं, अन्नपूर्णाने तर गोठ्याचं लाकूड दिलं. शकुबाईंनी उभा जन्म गवंड्यांच्या हाताखाली काढलेला. त्यांनी स्वतःच थापी धरली. अडलं ते पाण्यावाचून.

तिसऱ्या दिवशी सकाळी रूपरावांची बायको विमलाबाई शेतातून पाइप ओढत आली. चारचौघांत ती नवऱ्यापुढे कधी बोललेली नव्हती. रूपराव मागोमाग आले.

"कोणाले विचारून आणला पाइप?"

"वावर माह्या बापानं माह्या नावानं देल्लं हाये. विहीर त्याच्यातलीच. पाणी कोणाले द्यायचं ते मी ठरवीन."

"लोकं काय म्हणतीन?"

"म्हणू द्या. तुमी जरा सरका, पाइपावर पाय हाये तुमचा."

बायका काम थांबवून पाहत होत्या. रूपरावांनी खाली पाहिलं आणि पाय काढला.

शेड उभी राहिली. पहिला महिना कुणी मोटर आणली नाही. मंजुषा रोज येऊन झाडायची आणि दोन मुलींना भंगारातल्या मोटरीवर शिकवायची. मग हरभऱ्याला पाणी द्यायच्या दिवसांत एकदम तीन मोटरी जळाल्या. सेलूचा मिस्त्री आठ दिवस थांबा म्हणाला. मंजुषाने तिन्ही दोन दिवसांत भरून दिल्या. त्यानंतर हे काम कोणाचं, असं कुणी विचारलं नाही.

उन्हाळा लागता लागता कारंज्याहून तिला पाहायला पाहुणे आले. ती घरी नव्हती, म्हणून तिचे वडील गोपाल त्यांना शेडवरच घेऊन आले. स्थळ चांगलं होतं आणि ते हातचं जाऊ नये म्हणून गोपाल घायकुतीला आले होते. देवकाबाई तिथेच एका बाजूला बसल्या होत्या.

मुलाच्या आईने सगळीकडे नजर फिरवली. "लग्न झाल्यावर हे बंद करा लागन."

मंजुषा तांब्याच्या तारेचे वेढे मोजत होती. ते पुरे करूनच तिने मान वर केली.

"मंग दुसरी पोरगी पाहा जी," ती म्हणाली. "मी हे बंद करत नाई."

गोपाल कावरेबावरे झाले. त्यांनी देवकाबाईंकडे पाहिलं. त्यांनी मंजुषाकडेच बोट दाखवलं. तिने जे सांगायचं ते सांगितलं होतं.

पाहुणे पाणी न पिताच उठले. त्यांची गाडी वळणापलीकडे जाईपर्यंत गोपाल रस्त्यावर उभे होते. तेवढ्यात एका ऑटोवाल्याने दाराशी कुणाची तरी मोटर उतरवली आणि तो निघून गेला. गोपालांनी थोडा वेळ त्या मोटरीकडे पाहिलं. मग सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या.

"मंजू, ये," ते म्हणाले. "तिकडून धर."