सकाळची जड हवा

आमच्या लाँड्रीत कशाचंच तोंड उघडं ठेवत नाहीत. सुकवायच्या यंत्रातून कापडाचा भुसा उडतो, तो बरणीत जातो, किटलीत जातो, नळाच्या पाइपात जाऊन बसतो. म्हणून जे उघडं दिसेल त्याच्या तोंडात घडीचा नॅपकीन. लाँड्री वन्सांची, म्हणजे माझ्या मोठ्या नणंदेची. लग्न होऊन आले त्याच आठवड्यात त्यांनी मला हे शिकवलं, आणि आता समोरच्याने जांभई दिली तरी माझा हात नॅपकिनाकडे जातो.

टेकडीवरच्या हॉस्पिटलच्या दोनशे चादरी रोज धुऊन पोचवायच्या, त्यावर आमची निम्मी लाँड्री चालते. आजवर दहाची वेळ होती. तिथल्या मेट्रनबाईंनी ती साडेनऊवर आणली आणि सांगितलं, आठवड्यात तीनदा उशीर झाला तर काम खालच्या चौकातल्या लाँड्रीवाल्याला देईन. चादरी नऊच्या आत सुकून निघत नाहीत. आमचा डिझेलचा जुना टेम्पो चढावर चाळीस मिनिटं घ्यायचा.

टेम्पो आमचे हे चालवतात. म्हणजे हाताने टेम्पो चालवतात, डोक्यात कायम दुसरंच कुठलं तरी इंजिन चालू असतं.

"ताई, इंजिनाला श्वास पुरत नाही," हे वन्सांना म्हणाले. "हवा खालून घेतं, तापलेली, धुळीची. त्याचं नाक मागच्या हौद्यात आणू. तिथे चादरी असतात, हवा स्वच्छ."

"तुझ्या नाकात आधी हवा जाऊ दे, डोक्यापर्यंत पोचते का बघू," वन्सं म्हणाल्या. पण दुसरा उपाय त्यांच्याकडेही नव्हता.

रविवारी यांनी मनगट जाईल एवढी रुंद नळी बसवली. संध्याकाळी सपाट रस्त्यावर फेरी मारली, तर टेम्पो असा पळाला की वन्सांनी सीटची कड सोडली नाही.

सोमवारी सकाळी तोच टेम्पो चढावर खोकत, काळा धूर ओकत पावणेदहाला पोचला. पहिला उशीर.

त्याच संध्याकाळी पुन्हा फेरी. पुन्हा वाघ.

"संध्याकाळी रिकामा असतो," हे म्हणाले. "म्हणजे वजन भोवतंय." मग यांनी पुढची जोडसीट काढली, वन्सांना बसायला बादली पालथी घातली. जादा चाक काढलं. आरसे वारा अडवतात म्हणून काढले. मागच्या दाराची कडी लोखंडी, तीही काढली. मंगळवारी दहाला दहा कमी असताना दोघं पोचले, आणि कडीविना उघडलेल्या दारातून वरच्या चार चादरींवर काजळी. मेट्रनबाईंनी नुसतं बोट फिरवून दाखवलं.

मंगळवारी संध्याकाळी टेम्पो पुन्हा वाघ. हे पायरीवर बसून राहिले, जेवायलाही उठेनात.

"तोच टेम्पो, तीच नळी," ते म्हणाले. "फरक काय? हवा. सकाळची हवा गार असते. गार म्हणजे जड. ती इंजिनाच्या घशाखाली उतरत नाही."

"मग तिला गरम करून पाज," वन्सं म्हणाल्या.

थट्टेत बोललेलं यांना पटेल, असं वन्सांना वाटलं नव्हतं. बुधवारी सकाळी इंजिनावर घरातल्या दोन्ही गरम पाण्याच्या पिशव्या बांधलेल्या होत्या, एक वन्सांच्या गुडघ्याची आणि एक माझ्या कंबरेची.

मला यावर बोलायचं होतं, पण सकाळी उठल्यापासून दहापर्यंत माझं मौन असतं. अकरा वर्षं पाळलेलं. त्या वेळात नामस्मरण करत मी टेम्पोचा हौदा आतून पुसते, चादरी रचते. त्या दिवशी मागच्या दाराला कडी नसल्याने ते धरून बसायला मला हौद्यात बसवलं. एरवी मी घरीच असते. इंजिन चालू असताना हौद्यात बसण्याची ती माझी पहिलीच वेळ.

अर्ध्या चढावर टेम्पो दमला. घड्याळात सव्वानऊ. हौद्यातली, यांच्या पाठीमागची खिडकी उघडी होती, सगळं ऐकू येत होतं.

"ताई, चार पावलं चालतेस का? थोडं हलकं होईल."

"सीट काढलीस, आरसे काढलेस, आता बहिणीला काढ." वन्सं उतरल्या. "आणि काम गेलं तर उद्यापासून हा टेम्पो तुझ्या डोक्यावर ठेवून चादरी वाटत फिर."

त्यांचा आवाज शेवटी जरा कापला. मी मान खाली घातली, आणि समोर ती नळी दिसली. तिच्या तोंडात घडीचा नॅपकीन होता आणि तो आत ओढला गेला होता, दात नसलेल्या माणसाच्या गालासारखा.

नॅपकीन माझाच. रोज सकाळी हौदा पुसताना उघडं तोंड दिसतं, हात आपोआप जातो. रोज संध्याकाळी नॅपकीन धुवायला काढून नेते, त्यानंतर हे फेरी मारतात. आमच्या घरात नॅपकीन कुणाच्या डोळ्यांना दिसतच नाही, भिंतीसारखा असतो.

मी तो उपसला.

इंजिन एकदा शिंकलं आणि टेम्पो निघाला. वन्सं रस्त्यावर उभ्या, आरसे नाहीत, यांना पत्ताच नाही. मी खिडकीच्या चौकटीवर ठोकलं.

"ठोका येतोय का? येऊ दे," हे पुढून म्हणाले. "इंजिन मोकळं होतंय."

मी खिडकीतून हात घालून नॅपकीन हलवला. यांनी तो घेतला, कपाळ पुसलं आणि म्हणाले, "बरं झालं, घाम आलाच होता."

वन्सं संकटात असत्या तर मी बोलले असते, देवानेही ते मानून घेतलं असतं. पण दारातून त्या दिसत होत्या. धडधाकट होत्या आणि मूठ उगारत होत्या.

नऊ पंचविसाला आम्ही वर. मेट्रनबाईंनी चादरी मोजल्या, एकीवर बोट फिरवलं, बोट स्वच्छ. "ठीक आहे," एवढंच म्हणाल्या. तेवढ्यात फाटकातून स्कूटर आली. चालवत होता खालच्या चौकातला लाँड्रीवाला, आणि मागे वन्सं.

"हे गृहस्थ आपलं काम मागायला निघाले होते," वन्सं खाली उतरत म्हणाल्या. "म्हटलं, रिकामे जाण्यापेक्षा मला तरी सोडा."

हे तोवर ॲम्ब्युलन्सच्या दोन ड्रायव्हरांना बॉनेट उघडून पिशव्या दाखवत होते. "पाणी मात्र उकळतं नको," ते सांगत होते. एक ड्रायव्हर लिहून घेत होता.

मी हॉस्पिटलच्या घड्याळाखाली उभी. दहाला मौन सुटतं. त्या दिवशी वाटलं, अकरापर्यंत वाढवावं. पण दहा वाजले, आणि देवाला फसवून कुठे जाणार?

"अहो, तो नॅपकीन," मी म्हणाले, आणि सगळं सांगितलं. सोमवार, मंगळवार, बुधवार.

यांनी हातातला नॅपकीन उलटसुलट करून पाहिला. ड्रायव्हरने लिहिलेला कागद हळूच खिशात घातला. आता हे रागावणार, असं वाटून मी पदर नीट केला.

"म्हणजे," हे म्हणाले, "नळी बरोबर होती?"

"नळी बरोबर होती."

"पहिल्या दिवसापासून?"

"हो."

"ताई, ऐकलंस का? नळी बरोबर होती. रोजची वीस मिनिटं वाचली असती, वर तुझी आजची चालही."

"ऐकलं," वन्सं म्हणाल्या. "आता माझी सीट लाव. आणि माझी पिशवी दे, गुडघा दुखतोय."

पिशवी चांगलीच गरम होती. वन्सं ती मांडीवर घेऊन बादलीवर बसल्या आणि उतारभर यांना एक शब्दही टाकून बोलल्या नाहीत.

नळीच्या तोंडाला आता यांनी तारेची जाळी लावली आहे. तरी सकाळी हौदा पुसताना तिथे आले की मी डावा हात पाठीमागे धरते आणि उजव्या हाताने भरभर पुसून पुढे सरकते. माझ्या सगळ्या नेमांत हा एकच असा, की रोज मोडायची भीती वाटते.