झिऱ्याच्या भरवशावर

या सहलीत प्रेमराज नानांचा फायदा किती, असं कोणी विचारलं असतं तर उत्तर खिशात मावलं असतं. मोटरसायकलची किल्ली. बाकीचे फायदे, म्हणजे तरुणांना वळण, म्हाताऱ्यांना व्यायाम, भडगावचं नाव आणि गिरणामाईची सेवा, हे नानांनी पहाटे फिरायला येणाऱ्या मंडळींना सांगण्यासाठी राखून ठेवले होते. सांगायचे फायदे वेगळे आणि घ्यायचा वेगळा, एवढं शहाणपण एसटीत कंट्रोलर म्हणून आयुष्य काढलेल्या माणसाकडे असतंच.

किल्ली कामिनीच्या, म्हणजे सुनेच्या, कपाटात होती. ती तिथे कशी गेली हे गल्लीभर ठाऊक असल्याने नाना ते लपवत नसत, फक्त थोडं सुधारून सांगत. गेल्या वर्षी जळगावला त्यांच्या हृदयात स्टेंट बसला. महिनाभर जपा, असं डॉक्टर म्हणाले. नानांनी महिना जपला, आणि तो संपताच कोणाला न सांगता गाडी काढून थेट चोपड्याला एका जुन्या ड्रायव्हरकडे जेवायला गेले. फोन घरी, चार्जिंगला. घरच्यांनी दवाखाने पालथे घातले, नदीकाठ धुंडाळला. मुलगा नवीन धुळ्याला नोकरीला, तो अर्धी रजा टाकून धावत आला. दिवेलागणीला नाना तृप्त चेहऱ्याने परतले, ओट्यावरची गर्दी पाहिली आणि हळूच शेजाऱ्याला विचारलं, "कोण गेलं?"

त्या दिवसापासून गाडी ओसरीत, जुन्या चादरीखाली. नाना रोज चादर झटकून परत घालायचे, जणू आजारी माणसाचं अंथरूण बदलतायत.

नदीतून चालत जायचा बेत त्यांना ईदनंतर सुचला. गिरणेचं पात्र तोवर कोरडं पडलं होतं. पुलाखालून पात्रात उतरायचं, खालच्या अंगाला चालत राहायचं, वाटेत दोर लावून मातीची उभी दरड चढायची-उतरायची, बामणडोहाशी मुक्काम करायचा, चैत्री पौर्णिमेच्या चांदण्यात वाळूत पाठ टेकायची आणि उन्हं तापायच्या आत परत यायचं. नानांनी याला 'साहसी सहल' असं नाव दिलं. नाव ठेवल्याबरोबर ओटीवर बसून कामिनीशी बोलणी सुरू केली.

"इतकी माणसं मी नेऊन आणली तर माझ्या एकट्याच्या जाण्याला कोणाची हरकत नसावी," नाना म्हणाले.

कामिनी तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही. "नेऊन आणा. एकाही माणसाला आणायला घरून कोणाला धावावं लागलं नाही, तर किल्ली तुमची. लागलं, तर हा विषय पुन्हा निघणार नाही."

"लिहून देऊ?"

"नको नाना. तुम्ही लिहिलेलं वेळापत्रक स्टँडवर सगळ्यांनी वाचलंय."

नाना हसले. हरायची शक्यता ज्याला दिसतच नाही असा माणूस मोकळेपणी हसतो.

बैठका गफूरभाईंच्या मंडपाच्या गोदामात भरू लागल्या. गफूरभाई नानांचे शाळेपासूनचे दोस्त. मंडपाचा धंदा आता मुलगा हसीब बघायचा, आणि गफूरभाई त्याला कुठे काय चुकतं ते सांगायचे. गुंडाळलेल्या गाद्यांवर मंडळी बसली की नाना खडूने फरशीवर नदी काढत. पण आमच्याकडे चार माणसं घराबाहेर जेवणार म्हटलं की बाकीचे विषय आपोआप मागे सरकतात. पहिली बैठक वरणात चुरायच्या कणकेच्या बट्टीतच गेली. अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या कुंदाबाईंचं म्हणणं, बट्टी गोवऱ्यांवर भाजलेलीच हवी. तळलेली बट्टी खाऊन दरड चढता येत नाही. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, गोवऱ्या वाहून नेणार कोण. यावर दोन्ही बाजू इतक्या तापल्या, की दरड कुठली आणि दोर कोण बांधणार हे विचारायला कोणाला सवड उरली नाही. दुसऱ्या बैठकीत वरणात लसूण किती. तिसऱ्या बैठकीला कामिनी स्वतः आली, गाद्यांच्या कडेला बसली आणि वांग्याच्या भाजीचा ठराव होईपर्यंत थांबली.

मग म्हणाली, "आणि पाणी?"

गोदामात हशा पिकला.

"कामिनी, तुझं माहेर धुळ्याच्या देवपूरचं," नाना म्हणाले. "पांझरेच्या काठच्या माणसाला असं वाटणारच. गिरणेत कोणी पाणी घेऊन जातं का? झिरा काढायचा."

झिरा म्हणजे कोरड्या पात्रात वाळू उकरून केलेला खड्डा. कोपरभर उकरलं की तळाशी ओल लागते, थोडं थांबलं की पाणी साचतं. वरचं गढूळ पाणी ओंजळीने उपसून टाकायचं, की खालून येतं ते गार आणि गोड. नानांच्या पिढीने उन्हाळ्यात नदीवर जाताना कधी तांब्या नेला नव्हता. त्यामुळे नाना बट्टीचं पीठ मोजून घेणार होते, तूप मोजून घेणार होते, आणि पाणी नदीवर सोडणार होते.

"बठ्ठं बरोबर शे," गफूरभाई दाढी खाजवत म्हणाले, "पन बरीच सालं झाली रे नाना, आपन झिरा काढाले गयाच नही."

"तू कसाले चिंता करस? गिरणा शे ती."

"एक काढून दाखवा," कामिनी म्हणाली. "सहलीआधी. पाणी लागलं तर मी गप्प."

"उद्याच," नाना म्हणाले. म्हणताना त्यांच्या आवाजात थोडी दयाही होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं म्हातारे गफूरभाईंच्या मोपेडवरून निघाले. मागे नाना, नानांच्या हातात फावडं. बामणडोहाशी पोचल्यावर नानांना आधी वाटलं, आपण चुकीच्या वळणावर उतरलो. त्यांना आठवत होतं ते पात्र काठाच्या बरोबरीने भरलेलं, पांढऱ्या वाळूचं. इथे काठ उंच गेले होते आणि खाली ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या एकमेकींवरून गेलेल्या. पण डोहावरचं उंबराचं झाड तेच होतं. नानांनी सदरा काढून त्याला अडकवला आणि फावडं चालवलं.

कोपरभर झालं. कोरडं. मांडीभर झालं. फावडं टण्णकन वाजलं.

"दगड असेल," नाना म्हणाले, आणि शेजारी दुसरा खड्डा घेतला. तिथेही थोड्याशा वाळूखाली पिवळी कडक माती. तिसऱ्या खड्ड्यात नाना स्वतः उतरले. वाकून त्यांनी तळाशी हात लावला. मातीला चुलीच्या भिंतीसारखी ऊब होती. गफूरभाईंनी त्यांच्या हातातलं फावडं काढून घेतलं.

"इथली वाळू..." नाना म्हणाले.

"गावोगावचे स्लॅब बघ. तिकडे गेली."

एवढ्यात काठावर जीप थांबली. वाळूचोरीवर नजर ठेवणारं पथक होतं. त्यातून एक तरुण अधिकारी उतरला. नव्याने रुजू झालेला, बूट अजून चकचकीत. एक इसम खड्ड्यात, उघडा. दुसरा काठावर, हातात फावडं. तीन खड्डे.

"काय चाललंय?"

"झिरा काढतोय साहेब," नाना खड्ड्यातून रुबाबात म्हणाले.

अधिकाऱ्याने खाली वाकून पाहिलं. "आजोबा, झिरा ओला असतो."

नानांनी साहसी सहलीची सगळी हकिकत सांगितली. बट्टीही सांगितली. त्याने अधिकाऱ्याचा संशय वाढलाच. नदीतून रात्री माणसं घेऊन चालत जाणार, म्हणजे नेमकं काय करणार, असं त्याने दोनदा विचारलं. डोंगरासारखे ढीग ज्यांनी नेले ते कधी हाती लागले नव्हते. हे दोघं बिचारे फावड्यासकट उभे होते. ओळखपत्रं दोघांचीही घरी. शेवटी अधिकारी जरा मऊ झाला. "घरून कोणाला तरी बोलवा. त्यांनी ओळख पटवली की जा."

नानांनी फोन हातात घेतला आणि विचारात पडले. घरून कोणी धावत यायचं नाही, एवढीच तर अट होती. हसीब लग्नाचा मंडप घेऊन पारोळ्याला गेलेला. नवीन धुळ्याला, तो आला असता, पण येण्याआधी त्याने घरी फोन केला असता. फिरण्याच्या गटातल्या कोणाला बोलवावं, तर झिऱ्याची बातमी दुपारच्या आत बाजारात पोचणार आणि सहल तिथेच मोडणार.

"मी सांगतो कामिनीला," गफूरभाई म्हणाले. "म्हणेन मी पडलो, मला न्यायला ये. तुझ्या खात्यावर येणार नाही."

नानांनी एक क्षण, फार तर दोन, त्याचा विचार केला. मग खड्ड्याच्या कडेला बसले आणि स्वतःच नंबर लावला. फोन लागला तरी गफूरभाई मागून "मी पडलो म्हण" असं सांगतच होते. "कामिनी, बामणडोहापाशी ये. मला न्यायला. आणि पाणी आण."

ती स्कुटीवरून आली, तोंडाला ओढणी बांधून. तिने खड्डे पाहिले, सासऱ्याला पाहिलं, आणि अधिकाऱ्याला नमस्कार केला. "माझे सासरे आहेत. हे चोरी नाही करत. फार तर न सांगता जातात."

अधिकारी हसला. नाव लिहून घेतलं, "उन्हाचं थांबू नका" म्हणाला आणि जीप गेली.

उंबराखाली तिघं बसले. कामिनीने बाटली आधी गफूरचाचांना दिली, मग नानांना. नाना पाणी प्यायले, तोंड पुसलं आणि म्हणाले, "झालं. घरून कोणीतरी आलं. विषय संपला."

"अट सहलीची होती नाना. ही सहल नव्हती."

"मला सूट नको."

"सूट देत नाही. खोटं बोलायची सोय होती, ती तुम्ही वापरली नाहीत." ती गफूरचाचांकडे बघून म्हणाली, "तुमचा आवाज फोनवर मागून येत होता चाचा." गफूरभाई उंबराची फळं निरखू लागले.

"सहल होऊ दे," कामिनी म्हणाली. "पण माणसं मी नेईन. पुढे मी चालणार. पाणी थांबायच्या प्रत्येक जागी आपल्या आधी पोचलेलं असलं पाहिजे."

नानांना ते बोचलं. खडूची नदी त्यांची, नाव त्यांचं, आणि पुढे चालणार सून. पण खड्डे समोरच होते. "बरं," ते म्हणाले. "टेम्पोने आणू पाणी."

"काठच्या केळीच्या शेतांच्या बांधावरून टेम्पो जाईल?"

"नाही जाणार."

"माझी स्कुटी मघाशी इथे येतानाच रुतली. कॅन बांधून मोटरसायकलच जाऊ शकते. आणि काठाच्या सगळ्या वाटा ज्याला पाठ आहेत असा माणूस हवा. प्रत्येक ठिकाणाहून फोन करणारा." तिने पर्समधून किल्ली काढून नानांच्या पुढे धरली. फोन ठेवून घरून निघतानाच तिने ती कपाटातून काढून आणली होती. "गाडी चालवायला माझी ना कधीच नव्हती. न सांगता चालवायला होती."

नानांनी किल्ली घेतली. चेहरा फुलला, गाडीच्या टायरमध्ये हवा किती असेल हा विचार डोक्यात आलाही, आणि मग हळूच दुसरा विचार आला. गाडीवर जो असेल तो नदीत नसेल.

ते म्हणाले, "दरड तरी..."

"दरडीपाशी पहिला कॅन."

"आणि रात्री? वाळूत?"

"इथे वाळू कुठाय नाना? मुक्काम वरच्या अंगाला, जिथे थोडी उरलीय. तिथून तुम्ही रात्रीचे रिकामे कॅन घेऊन घरी, पहाटे भरून परत. एवढ्या माणसांना तोंड धुवायला पाणी लागेल."

गफूरभाई इतके हसले की त्यांना ठसका लागला.

सहल पौर्णिमेला झाली आणि चांगली झाली. कामिनी पुढे चालली. नवीनने दोर धरला. कुंदाबाई दरड दोनदा उतरल्या, दुसऱ्यांदा गरज नसताना. बट्टी गोवऱ्यांवरच भाजली. कोणालाही आणायला कोणाला धावावं लागलं नाही. काठावरून अधूनमधून मोटरसायकलचा आवाज यायचा, मग केळीच्या पानांमधून नाना दिसायचे, मागे दोन्ही बाजूंना कॅन, फोन कानाला: "पोचलो. भरलं. निघालो." आवाजात तोच जुना कंट्रोलर होता, आणि खरं सांगायचं तर त्यांनी एकही फेरी उशिरा केली नाही.

आता जमेला काय ते बघू. मंडळींना चांदणं मिळालं, बट्टी मिळाली, आणि वर्षभर सांगायला दरड मिळाली. कुंदाबाईंना गोवऱ्यांचा विजय मिळाला. गफूरभाईंना एक गोष्ट मिळाली, ती ते हसीबच्या गिऱ्हाइकांनाही ऐकवतात. कामिनीला सासरा कुठे आहे हे कळत राहिलं, आणि वरून गटाचं पुढारीपण. नानांना किल्ली मिळाली.

नदीतून सगळे चालले. वाळूत सगळे झोपले. एवढ्या सगळ्यांच्या सहलीची किंमत एकट्या नानांनी मोजली, काठावरून, गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ठेवून.