बनाक्काचा धोंडिराम

चंद्राबाईला सहा पोरं झाली आणि सहाही गेली. कुणी पाचवीच्या आत, कुणी रांगायला लागल्यावर. सातव्या वेळी सासूनं कुणाला विचारलंच नाही. पोर जन्मलं तसं सुपात घातलं, शेजारच्या बनुबाईच्या दारात नेऊन ठेवलं, आणि बनुबाईनं पायलीभर बाजरी देऊन ते विकत घेतलं. बनुबाईला मूलबाळ नव्हतं. ज्या घरात कधी पाळणाच हलला नाही, तिथं मरण पोर शोधायला कशाला जाईल, असं सासूचं म्हणणं.

असं विकलेलं पोर लोक बारशाच्या दिवशी परत घेतात. चंद्राबाईनं घेतलंच नाही. सहा वेळा मातीत हात घातलेली बाई ती, सातव्यांदा धीर कुठून आणणार? दूध तिनं पाजलं, रात्री जागून काढल्या तिनं, पण कुणी विचारलं की उत्तर ठरलेलं, "बनाक्काचा हाय." पोराचं नाव ठेवलं धोंडिराम. तो बनुबाईला आये म्हणायचा आणि जन्म देणारीला वयनी. तेव्हा जतला संस्थान होतं. संस्थानचा कोतवाल जन्माची नोंद करायला आला, त्यालाही तेच सांगितलं गेलं, आणि त्या भल्या माणसानं आईच्या रकान्यात बनुबाईचं नाव घालून टाकलं.

पोर मात्र जगलं. मेंढरांमागं जायचं सोडून शाळेत रमलं, सांगलीला इंजिनिअर झालं आणि सहासष्ट साली थेट अमेरिकेला गेलं. अकरा वर्षांत गावी आलं ते एकदाच, तेही लग्नापुरतं.

सत्त्याहत्तरच्या उन्हाळ्यात चंद्राबाईचा नवरा आकाराम गेला. धोंडिराम एव्हाना तिकडचा नागरिक झाला होता. त्यानं तिकडच्या सरकारकडं अर्ज टाकला, की माझ्या आईला कायमचं माझ्याकडं येऊ द्या. त्याला मुलगी झाली होती, आणि चंद्राबाईनं नातीला फक्त फोटोत पाहिलं होतं. तो फोटो दाखवून दाखवून तिनं त्याचे कोपरे मऊ केले होते. तिला अमेरिकेचं काही पडलं नव्हतं. तिला मरायच्या आधी आपलं पोर रोज डोळ्यांनी बघायचं होतं, एवढंच.

कागदपत्रांचं सगळं धोंडिरामच्या कॉलेजातल्या मित्रानं, मानसिंगनं केलं. तो सांगलीत नोकरीला होता. गड्यानं रजा काढून काढून साहेबाची बोलणी खाल्ली, पण जतच्या कचेरीतून धोंडिरामच्या जन्माचा जुना दाखला काढला, पासपोर्ट काढून दिला, फोटो काढायला चंद्राबाईला मिरजेला नेलं. दाखला हातात पडला तेव्हा त्यानं कपाळाला हात लावला. मग सांगलीच्या वकिलाकडून बनुबाईचं प्रतिज्ञापत्र करून घेतलं, की मूल माझं नाही. त्यावर बनुबाईनं अंगठा उठवला. नंतर घरी येऊन शाई घासत बराच वेळ बसली.

मुंबईच्या अमेरिकन वकिलातीचं मुलाखतीचं पत्र आलं आणि चंद्राबाईनं हट्ट धरला की बनाक्का बरोबर असेल तरच मुंबईला जाईन. दोघी सांगली-मिरजेच्या पलीकडं कधी गेलेल्या नव्हत्या. गाडीत बसल्यापासून बनुबाई तिला पढवत होती. साहेब इचारंल तेवढंच सांगायचं, जास्ती बोलायचं न्हाई, आणि डोळं खाली घालायचं न्हाईत. बनुबाईचा रुबाब असा, की तिनं चारदोन वकिलाती आधी पाहून ठेवल्यात.

वकिलातीत बनुबाईला आणि बरोबर आलेल्या मानसिंगला बाहेरच्या बाकावर बसवलं आणि चंद्राबाईला एकटीला आत नेलं. टेबलापलीकडं चष्मा लावलेला पिकल्या केसांचा गोरा साहेब होता. शेजारी मराठी समजावून सांगायला लीलाबाई नावाच्या बाई होत्या, शहरातल्या, पण बोलायला गोड. त्यांनी सांगितलं, "मावशी, उजवा हात वर करा आणि खरं तेच सांगेन अशी शपथ घ्या."

चंद्राबाईनं हात वर केला आणि बिरोबाची शपथ घेतली. नाव, गाव, नवरा कधी गेला, सगळं नीट सांगितलं. साहेबानं मान हलवली. मग त्यानं कागद उलटला आणि लीलाबाईंनी विचारलं, "धोंडिराम कुणाचा मुलगा?"

"बनाक्काचा हाय," चंद्राबाई म्हणाली.

छत्तीस वर्षांची सवय. तोंडातून शब्द गेला आणि मगच तिला कळलं, पण तो मागं घ्यावासा तिला वाटेना. बिरोबाच्या शपथेवर म्हटलेलं पक्कंच होणार, वर देवाचे कान उघडे. आजवर ज्याला सांभाळून ठेवलं, त्याला इथं एका खोलीत बसून माझा म्हणायचं आणि तिकडं सातासमुद्रापार त्याला काही झालं तर? 

साहेबानं पेन खाली ठेवलं. दाखला बघितला, तिथंही बनुबाई. प्रतिज्ञापत्रात मूल बनुबाईचं नाही एवढंच होतं, कुणाचं ते नव्हतं. पुरावा म्हणून मानसिंगनं धोंडिरामची पत्रं जोडली होती, ती लीलाबाईंनी वाचली, तर प्रत्येक पत्राच्या वर 'तीर्थरूप वहिनीस'. आता वहिनी म्हणजे भावाची बायको, हे साहेबाला सांगण्यावाचून त्यांनाही गत्यंतर नव्हतं. साहेब शांतपणे म्हणाला, की आईला व्हिसा मिळतो, भावजयीला या अर्जावर मिळत नाही.

लीलाबाई खालच्या आवाजात म्हणाल्या, "मावशी, तुमचा असेल तर तुमचा म्हणा. नाहीतर कागद परत जातील."

 चंद्राबाईनं नुसतं दाराकडं, बाहेर बसलेल्या बनाक्काकडं बोट दाखवलं. साहेबानं लीलाबाईंशी दोन शब्द बोलून बाहेरच्या बाईला आत बोलावलं.

बनुबाई आली ती पदर सारखा करून, ताठ. तिलाही शपथ घ्यायला लावली. तिनं घेतली. तोच प्रश्न तिला विचारला गेला, आणि खोलीत काय घडलंय हे चंद्राबाईच्या तोंडाकडं बघून तिला उमगलं.

"हिचा हाय," बनुबाई म्हणाली. "सा पोरं गेली हिची. सातवं जगावं म्हनून माझ्या सुपात घातलं. मी निस्तं नाव दिलं, सायेब. दूध हिनं पाजलं. मला कुठलं आलंय दूध."

लीलाबाईंना ते इंग्रजीत सांगायला जरा वेळ लागला. मधेच त्या थांबल्या, चष्मा पुसला आणि पुन्हा बोलू लागल्या. साहेबानं सूप म्हणजे काय ते हातानं दाखवायला लावलं, बनुबाईनं हवेत पाखडून दाखवलं.

मग ती चंद्राबाईकडं वळली. "चंद्रे, पोराला टक्कल पडलंय. आता कोन येतंय त्याला न्यायला? घे तुजं तुला, मी दिलं परत. म्हन आता."

चंद्राबाईनं डोळे मिटले. "माजा हाय," ती म्हणाली. पहिल्यांदा पुटपुटली, मग साहेबाकडं बघून पुन्हा म्हणाली, "माजा हाय त्यो. मी जलम दिलाय."

आभाळ काही कोसळलं नाही. साहेबानं पेन उचललं, दोघींना एकेक साधासा प्रश्न आणखी विचारला, दोघींची उत्तरं जुळली, आणि लीलाबाई हसून म्हणाल्या, "मावशी, जा लेकाकडं."

बाहेर आल्यावर चंद्राबाई भिंतीच्या कडेला टेकली. तिला आनंद झाला होता, आणि त्या आनंदात बनुबाईची रिकामी झालेली ओटी तिला दिसत होती. छत्तीस वर्षं या बाईनं माझ्या पोराचं मरण आपल्या दारावर झेलायची तयारी ठेवली, आणि आज एका शब्दात पोर परत दिलं, मागितलं काही नाही. ती वाकून बनुबाईच्या पायाला लागली. बनुबाईनं पाय मागं घेतले. "येडी का काय," म्हणाली आणि पदरानं तोंड पुसत दुसरीकडं बघत राहिली.

मानसिंगला तर काय करू आणि काय नको असं झालं होतं. तो म्हणाला, की आत्ताच्या आत्ता धोंडिरामला तार करू या, काय लिहू सांगा. मग स्वतःच म्हणाला, "आई येतीया, एवढंच टाकतो. बास हाय न्हवं?"

चंद्राबाईनं मान हलवली. "तसं नगं, मानसिंगा. तसं लिवलंस तर त्याला वाटंल, आये येतीया." तिनं बनुबाईचा हात आपल्या हातात घेतला. "साहेबाम्होरं बोलले ते साहेबापुरतं. तू लिव्ह, वयनी निगाली. आये हितं गावात हाय, तिला भेटाय वरसातनं एकदा तरी येत जा."