बेवारस वाहनाची चार लक्षणं

मोटारसायकल शेवटी गंजली. पण हे वाक्य वाचलंच नाही असं धरून चालू या, कारण या घडीला चष्मेवाला इमारतीच्या मागच्या अंगणात गुडघे टेकून तिच्या सायलेन्सरच्या तोंडात तेलात बुचकळलेलं फडकं कोंबत होता, आणि त्याच्यासमोर गंजाचं नाव काढायची कोणाची टाप नव्हती.

एरवी माणूस मवाळ. दिवसभर दुकानात लोकांना ‘आता दिसतंय? आणि आता?’ असं विचारून विचारून त्याचा आवाजच मऊ पडला होता. पण थंडीच्या आधीच्या एका शनिवारी त्याच्या अंगात यायचं. त्या दिवशी दुकान बंद. टाकी पेट्रोलने काठोकाठ भरायची, म्हणजे आत हवेला जागा उरत नाही आणि पत्र्याला आतून घाम फुटत नाही. बॅटरी काढून घरात, पलंगाखाली, लाकडी फळीवर. साखळीला ग्रीस. चकचकीत भागांवर मेणाचा हात, तोही भिंगं पुसायच्या कापडाने. नंबरप्लेटचे स्क्रू सगळ्यात आधी गंजतात हे त्याने तिसऱ्या वर्षी ताडलं होतं, म्हणून प्लेटवर ग्रीसचा असा थर की खाली आकडे आहेत की कविता, कळू नये. मग गाडी दोन ठोकळ्यांवर चढवायची. चाकं जमिनीपासून चार बोटं वर.

“अहो, माझ्या पाठीला कधी एवढ्या प्रेमाने मलम लावलं नाहीत,” वरच्या खिडकीतून बायको म्हणाली.

“तुझी पाठ रस्त्याकडेला उभी नसते.”

“चहा ठेवलाय. तिलाही हवा का विचारा.”

त्याने फडकं आणखी आत कोंबलं. कुंपणापलीकडे रस्ता होता, आणि बर्फ पडला की त्या रस्त्यावर पालिकेची गाडी मीठ फेकत जायची. मिठाने बर्फ वितळतो, माणसं घसरत नाहीत, सगळं मान्य. पण ते मीठ कुंपण ओलांडून आत येतं आणि लोखंडाला चावतं, याबद्दल पालिकेने कधी दोन शब्द दिलगिरीचे काढले नव्हते. अकरा हिवाळे तो हे मनात धरून होता.

अकरा हिवाळ्यांपूर्वी थोरला भाऊ याच अंगणातून नोकरीसाठी दूरदेशी गेला. जाताना टॅक्सीत एक पाय टाकून म्हणाला, “थंडीत गंजू देऊ नकोस रे. मी आलोच.” चष्मेवाल्याने ती गाडी एकदाही चालवली नाही. दुकानात तो सायकलने जायचा. दादाची गाडी आहे, दादा आला की चालवेल.

सुती कव्हर घालून त्याने चारी कोपरे बांधले. प्लास्टिकचं कव्हर त्याला चालत नसे. त्याच्या आत ओल कोंडते. बायकोने वरून कौतुकाने पाहिलं आणि खिडकी लावून घेतली.

ऐन थंडीतल्या एका सकाळी तो बर्फ झटकायचा ब्रश घेऊन खाली आला तेव्हा अंगणात दोन ठोकळे होते. कव्हर होतं, तेही व्यवस्थित घडी घालून, वर उडू नये म्हणून दगड ठेवलेलं. मध्ये गाडी तेवढी नव्हती. विजेच्या खांबावर एक कागद चिकटवला होता.

त्याने तो उभ्याउभ्याच तीनदा वाचला. बेवारस वाहन हटाव मोहीम. बेवारस वाहनाची लक्षणं चार: एक, चाकं जमिनीला टेकत नाहीत. दोन, बॅटरी जागेवर नाही. तीन, तीस दिवसांहून जास्त झाकलेलं. चार, क्रमांक वाचता येत नाही. चारही चौकटींत बरोबरच्या खुणा होत्या. खाली कोणीतरी पेनाने शेरा मारला होता: ‘दीर्घकाळ दुर्लक्षित.’

“दुर्लक्षित,” तो घरात येऊन म्हणाला. “दुर्लक्षित म्हणे.”

“आधी बूट काढा.”

“अगं, या शहरात तिच्याइतकं लक्ष कोणाकडे दिलं गेलं असेल तर दाखव मला.”

“मला नका विचारू, मी त्या यादीत नाही,” बायको म्हणाली, पण त्याचा चेहरा पाहून तिने गॅस बारीक केला. “दादांना कळवताय का?”

“नको. उगीच काळजी करेल.”

त्याने पिशवी भरली. मेणाचा डबा, ग्रीसचा डबा, तेलाची कुपी, वापरलेली फडकी अकरा. पुरावा म्हणून. बॅटरी पण घेतली. बॅटरी जड होती, पण संताप त्याहून जड असल्यामुळे जाणवली नाही.

पालिकेच्या वाहन विभागाची खिडकी पहिल्या मजल्यावर होती, आणि तिच्यामागे सर्दी झालेल्या एक बाई बसल्या होत्या. त्यांच्या पाठीमागच्या काचेतून खालचं आवार दिसत होतं. आवारात एक पांढरा डोंगर होता. रस्त्यावर टाकायचं मीठ. आणि डोंगराच्या पायथ्याशी, फावड्यांच्या शेजारी, घोट्यापर्यंत मिठात उभी, दादाची मोटारसायकल.

चष्मेवाल्याने काचेकडे बोट दाखवलं.

“ती तिथे का ठेवलीय?” तो म्हणाला.

“जागा तिथेच आहे.”

“ते मीठ आहे, बाई.”

“हो, आमचंच आहे,” बाई म्हणाल्या आणि शिंकल्या.

मग त्याने बोलायला सुरुवात केली. फडकी एकेक काढून खिडकीच्या फळीवर मांडली. हे सायलेन्सरचं. हे साखळीचं. हे पहिल्या वर्षीचं, तेव्हा मला मेण कळत नव्हतं. लोक गाड्या पावसात टाकून देतात, त्यांच्या चाकांवर शेवाळ चढतं, त्यांना तुम्ही हात लावत नाही, कारण त्यांची चाकं टेकलेली असतात. आणि जो माणूस चाक वर उचलतो तो तुमचा गुन्हेगार. मागच्या रांगेतला एकजण “बरोबर आहे” म्हणाला. त्यामुळे चष्मेवाल्याला आणखी चेव आला.

बाई शांतपणे ऐकत होत्या. मधूनमधून नाकावरून घसरणारा चष्मा वर सारत होत्या. एकदा, दोनदा, सातदा. सातव्या वेळी चष्मेवाल्याला राहवलं नाही.

“द्या तो इकडे.”

“अहो, पण...”

“डावीकडचा स्क्रू ढिला आहे. द्या.”

खिशातल्या बारीक पेचकसाने त्याने स्क्रू आवळला, नाकावरच्या पट्ट्या जरा आत वळवल्या, दादाच्या गाडीच्या एका स्वच्छ फडक्याने काचा पुसल्या, आणि तेवढ्या वेळात बोलणं मात्र थांबवलं नाही. दुर्लक्षित हा शब्द कोणी लिहिला त्याचं नाव मला हवं, तो म्हणत होता. घ्या. आता दिसतंय?

बाईंनी चष्मा लावला. समोरच्या, गाडीच्या कागदाकडे पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं.

“वा. खूपच छान दिसतंय,” त्या म्हणाल्या. मग कागद जवळ घेतला. “प्लेट पुसून शोधलेलं हे मालकाचं नाव मगाशी मला नीट लागतच नव्हतं. हे तुमचंच का?”

“थोरल्या भावाचं.”

“मग त्यांना यावं लागेल. समक्ष.”

“तो बाहेर असतो.”

“कधी येतात?”

चष्मेवाल्याने फडकी गोळा करायला घेतली. “येईलच.”

“शेवटचे कधी आले होते?”

त्याने पहिल्या वर्षीचं फडकं घडी केलं, उलगडलं, पुन्हा घडी केलं.

“फोन करून विचारा ना,” बाई मऊपणे म्हणाल्या. “मी खिडकी लावत नाही.”

तो जिन्यात गेला. बॅटरी पायाशी ठेवली. तिसऱ्या वेळी फोन लागला. पलीकडे बरीच माणसं असावीत, कोणीतरी हसत होतं.

“दादा, गाडी नेली रे पालिकेने. पण तू काळजी करू नकोस, मी आहे इथे.”

“गाडी? कुठली गाडी?”

“तुझी. मोटारसायकल.”

“अरे बापरे, ती? ती अजून आहे?”

“आहे म्हणजे? परवापर्यंत एक डाग नव्हता तिच्यावर.”

“मग नेऊ दे की. सुटलास तू. मी कुठे आता तिकडे येऊन चालवणार आहे.” भाऊ हसला, मनापासून, काही वाईट हेतू न ठेवता. “बाकी तू कसा आहेस? बरं ऐक, आत्ता जरा माणसांत आहे. नंतर करतो.”

“हो. कर.”

फोन बंद झाल्यावरही तो थोडा वेळ कानाशी धरून उभा राहिला. जिन्यावरून जाणारा शिपाई बॅटरीला अडखळला आणि “काय राव, वाटेत,” म्हणाला. चष्मेवाल्याने बॅटरी भिंतीशी सरकवली. मग उचलली. आता ती चांगलीच जड लागली.

खिडकी उघडीच होती.

“काय म्हणाले?”

“एखादा अर्ज असेल तर द्या.”

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. चष्मा आता अजिबात घसरत नव्हता, आणि त्यांना बहुधा जरा जास्तच दिसलं असावं, कारण त्यांनी पुढचा प्रश्न विचारला नाही. कोरा अर्ज काढला, सोबत स्वतःचं पेन दिलं.

“वाहन परत मागायचं असेल तर वरचा रकाना. इतर काही मागणं असेल तर खालचा. खाली एकच वाक्य बसतं, जपून लिहा.”

काचेबाहेर एक माणूस फावड्याने मीठ ओढत होता. ढिगाचा एक पदर सुटला आणि पुढच्या चाकावर सावकाश घरंगळला. चष्मेवाल्याने तिकडे पाहिलं नाही. वरचा रकाना त्याने तिरकी रेघ मारून रद्द केला, आणि भिंगांचे नंबर लिहायच्या आपल्या बारीक, सरळ अक्षरात खाली लिहिलं:

‘सदर वाहन बेवारस नाही, परंतु वाहनाचे मालक गेली अकरा वर्षे जागेवर आढळून आलेले नाहीत, तरी आपल्या विभागाने चालू मोहिमेअंतर्गत त्यांचा शोध घेऊन, गरज पडल्यास वाहने उचलण्याच्या गाडीत घालून, त्यांना आठ दिवसांच्या आत अर्जदाराच्या अंगणात आणून सोडावे, ही नम्र विनंती.’